शिट्टीवाला, मधाळबाई आणि पितळी वजनं

दर शुक्रवारी संध्याकाळी आठ वाजता काटेवाल्यांचं डोकं फिरायचं, आणि नऊ वाजेपर्यंत ते फिरतंच राहायचं.

"अगं, काटा असा नाचतो का कधी?" ते टीव्हीवर खेकसले. "माणूस उभा राहिला की आकडा ठरला. संपलं! हा बघ, वर काय जातोय, खाली काय येतोय, मध्येच नगारे काय वाजतायत! असला काटा माझ्या दुकानात आला ना, तर हातोड्याने फोडीन."

"फोडा," बायको म्हणाली. "पण हळू बोला. टीव्हीला ऐकू येत नाही, मला येतं."

काटेवाले एकतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करत होते. बाजारातल्या निम्म्या दुकानांचे काटे त्यांच्या हातून गेले होते आणि एकावरही कुणी बोट ठेवलं नव्हतं. काटा चोख आणि तोंड तिखट अशी त्यांची ख्याती होती. समोरून सगळे त्यांना काटेवाले म्हणत आणि पाठ वळली की भोंगा. हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्याचाही त्यांना राग येत असे.

टीव्हीवरचा कार्यक्रम वजन उतरवण्याच्या स्पर्धेचा होता. लठ्ठ माणसांचे दोन गट आणि त्यांना कामाला लावणारे दोन प्रशिक्षक. एकाच्या गळ्यात शिट्टी होती. तो माणसांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचा, बादल्या लाथाडायचा, आणि कुणी धापा टाकत बसला की त्याच्यासमोर उभा राहून आकडे मोजायचा. हा शिट्टीवाला काटेवाल्यांना देवासारखा वाटे. दुसरी एक बाई होती. ती सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवायची, "जमेल तेवढंच करा हं" म्हणायची आणि जमलं नाही तरी टाळ्या वाजवायची. तिला काटेवाल्यांनी मधाळबाई असं नाव ठेवलं होतं. बायकोचा सगळा जीव त्या मधाळबाईवर.

"तुझ्या मधाळबाईच्या गटाचं या आठवड्याला किती उतरलं? नऊ किलो. माझ्या शिट्टीवाल्याचं? अकरा!"

"आणि तुमच्या शिट्टीवाल्याच्या गटातले दोघं पळून गेले, ते कुठे धरलेत? माणसंच उतरवली की वजन उतरणारच."

"कच्चे होते ते!"

"तुमच्या हिशेबी जग कच्चं आहे." बायकोने टीव्हीचा आवाज कमी केला. "ओरडून वजन उतरत असतं ना, तर या घरात एव्हाना सगळे वाऱ्याने उडून गेले असते."

काटेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ओरडल्याशिवाय कुणी सरळ होत नाही! मी ओरडलो म्हणून पोरगी शिकली. मी ओरडलो म्हणून नोकरीला लागली!"

"आणि तुम्ही ओरडलात म्हणून सहा महिने तुमच्याशी बोलत नाही."

काटेवाल्यांनी टीव्हीचा आवाज पुन्हा वाढवला.

सहा महिन्यांपूर्वी मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला निघाली तेव्हा बॅगेची चेन तुटली. एवढ्याशा चेनवरून काटेवाले जे सुरू झाले ते "जायचं तर जा, आणि मला फोन करू नकोस!" इथे येऊन थांबले. मुलगी त्यांच्याच रक्ताची. तिने बापाचा शब्द अक्षरशः पाळला. फोन आईला यायचा. तो आला की काटेवाले उगाच पाणी प्यायला उठायचे आणि घोट घोट पिताना कान तिकडे लावायचे. आपण होऊन फोन करावा असं त्यांना रोज वाटे. पण आपण केला आणि तिने उचललाच नाही तर? हा विचार आला की ते कुणावर तरी ओरडत.

"चार आठवडे!" ते आता बायकोवर ओरडले. "चार आठवडे माझ्या हाताखाली ये. शिट्टीवाल्याच्या पद्धतीने तुला काडी करून दाखवतो!"

"या आठवड्यापासून येते," बायको शांतपणे म्हणाली. "आणि तुम्ही माझ्या हाताखाली या. मी गोड बोलून तुमचं वजन उतरवते. ज्याच्या चेल्याचं जास्त उतरेल तो जिंकला. तुम्ही जिंकलात तर मी पोरीला सांगते, आधी तू बाबांना फोन कर. मी जिंकले तर आधी फोन तुम्ही करायचा. हळू आवाजात. आणि त्यापुढे महिनाभर या घरात चढा आवाज नाही."

"मान्य!" काटेवाले इतक्या जोरात म्हणाले की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात दोघांची वजनं झाली. समोरच्या शिंप्याला साक्षीला बोलावलं. काटेवाले ब्याण्णव किलो चारशे, बायको एकाहत्तर किलो दोनशे. शिंप्याने आकडे खडूने दुकानाच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहिले आणि मग ही गोष्ट पोटात ठेवणं त्याला जमेना. दुपारपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं. अर्धे दुकानदार शिट्टीवाल्याकडून झाले, अर्धे मधाळबाईकडून. बेकरीवाल्याने तर येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "तुम्ही कोणाकडून?" असं विचारायला सुरुवात केली.

काटेवाल्यांना यातली खरी मेख पुढच्या सकाळी दात घासताना कळली. बायकोचं वजन उतरलं तर आपण जिंकणार, हे ठीकच. पण आपलं स्वतःचं उतरलं तर जिंकणार बायको! म्हणजे आता बारीक व्हायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत व्हायचं नाही. ब्रश तोंडात ठेवूनच ते हसले. शिस्तीत राहून लठ्ठ राहायचं, यापेक्षा सोपी स्पर्धा जगात नसेल.

त्याच दिवसापासून रोज चार वाजता ते दुकानाच्या मागच्या बाजूला, मोडक्या काट्यांच्या आडोशाला उभे राहून दोन क्रीम रोल खाऊ लागले. तिसऱ्या दिवशी शिंप्याने पाहिलं.

"काटेवाले, वहिनींना सांगू का?"

"सांगून बघ! कात्री तोडून टाकीन तुझी!"

"मग एक मला द्या."

खाई त्याला खवखवे. काटेवाल्यांनी दात ओठ खात एक क्रीम रोल शिंप्याच्या हातावर ठेवला. मग रोज एक ठेवावा लागला.

इकडे सकाळी सहाला मैदानावर ते गळ्यात शिट्टी अडकवून हजर असत. बायको पायात बूट, डोक्याला रुमाल, हातात पाण्याची बाटली अशी ऐटीत येई.

"पळ!" शिट्टी. "पळ म्हणतो ना!" शिट्टी.

"पळतेय की."

"याला पळणं म्हणतात? गोगलगाय पुढे गेली तुझ्या!"

"कसं पळायचं ते एकदा दाखवा ना. मला मेलीला काही कळत नाही."

काटेवाले दात ओठ खात मैदानाला एक फेरी मारून आले. बायको बाकावर बसून बघत होती. "गुडघा एवढा वर घ्यायचा होय? ते नीट दिसलं नाही. पुन्हा एकदा." ते पुन्हा पळाले. बैठकांच्या वेळी तर कहरच झाला. तिला पाठ वाकवायची की सरळ ठेवायची हेच समजेना. दहा बैठका दाखवल्या, वीस दाखवल्या, तिसाव्याला त्यांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"आता कळलं?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"जवळजवळ," बायको म्हणाली आणि दोन बैठका मारून बाटलीतलं पाणी प्यायली.

रोज हेच. तिला शिकवता शिकवता त्यांच्या अंगाचं पाणी पाणी होई. पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते बिचारे, आणि घडा गालातल्या गालात हसत होता. घरी आले की दुसरा छळ. बायको त्यांच्यापुढे काकडी, टोमॅटो, उकडलेल्या भाज्या मांडून गोड हसायची.

"नको असेल तर राहू द्या हं. माझा काही आग्रह नाही."

"आग्रह कर ना! ओरड! आपट ताट!"

"छे. तुमचं मन नसेल तर मी शेजारणीला देते. तिचे मिस्टर आवडीने खातात."

शेजारणीच्या मिस्टरांचं नाव काढलं की काटेवाल्यांचं पित्त खवळे. ते रागाच्या भरात सगळं ताट साफ करत. नंतर पोटात जागा उरत नसे आणि आणखी खाण्याचा पुढचा बेत फसे. माणसाने रागावावं तरी किती ठिकाणी?

तिसऱ्या शुक्रवारी तर टीव्हीनेच घात केला. मधाळबाईचा एक चेला चोरून बिस्किटं खाताना सापडला, आणि ती बाई अशी कडाडली की तिच्या हातातली बाटली भिंतीवर जाऊन फुटली. "बघ! बघ! शेवटी ओरडलीच!" काटेवाले खुर्चीवरून उठून नाचले. पण पुढच्याच मिनिटाला शिट्टीवाला एका म्हाताऱ्या स्पर्धकाच्या गळ्यात पडून हुंदके देऊन रडायला लागला. "मी लहान असताना माझे वडील माझ्यावर..." एवढं तो बोलला आणि काटेवाल्यांनी टीव्ही बंद केला.

"का हो? चांगलं चाललं होतं," बायको म्हणाली.

"झोप आली," ते आठ वाजून वीस मिनिटांनी म्हणाले.

चौथ्या आठवड्यात एका सकाळी शिंप्याने त्यांना दुकानापुढे अडवलं. शिंपी आता चांगला गुटगुटीत दिसायला लागला होता. "काटेवाले, तुमची विजार ढिली झालीय. कंबर आत घेऊन देऊ?"

"माझी कंबर आहे तिथेच आहे!"

"आहे कुठे? चालताना तुम्ही एका हाताने धरता."

"तुझे डोळे फुटलेत! सवय आहे माझी ती!"

शिंप्याला त्यांनी हाकललं खरं, पण चोराच्या मनात चांदणं. पट्टा शेवटच्या भोकात घालूनही सैल राहत होता. नवं भोक पाडणं म्हणजे लेखी कबुली. बायकोची नजर आधी पट्ट्यावरच जाणार. त्यांनी नवं भोक पाडलं नाही.

शुक्रवार उजाडला. संध्याकाळी सहाला सगळ्यांसमोर वजनं व्हायची होती. दुपारी दुकानात कुणी नाही असं पाहून काटेवाले हळूच मोठ्या काट्यावर चढले.

शहाऐंशी किलो सहाशे.

"नालायका!" ते काट्यावर ओरडले. मग त्यांनी पितळी वजनं आणली. ही त्यांची काटे तपासायची वजनं, मखमलीच्या पेटीत ठेवलेली, रोज पुसलेली. वीस किलो ठेवली, काट्याने वीस दाखवली. दहा ठेवली, दहा दाखवली. काटा चोख होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काटा चोख असल्याचं त्यांना वाईट वाटलं.

रोज क्रीम रोल खाऊनही जवळजवळ सहा किलो उतरले? कसे? ते स्टुलावर बसले. त्यांना मुलीचा फोन दिसायला लागला. वाजणारा, वाजत राहणारा, न उचलला जाणारा. हात आपोआप स्क्रू ड्रायव्हरकडे गेला. काट्याच्या मागचा एकच स्क्रू, अर्धा आटा फिरवला की आकडा वर. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण स्क्रू ड्रायव्हर स्क्रूपर्यंत नेला आणि परत जागेवर ठेवला. काट्याशी खोटेपणा करायचा नाही. मग ते वजनांच्या पेटीकडे बघत राहिले. काट्याला हात लावायचा नाही, बरोबर. पण अंगाला?

दोन-दोन किलोंची दोन वजनं बाजूच्या खिशांत गेली, एकेक किलोची दोन मागच्या खिशांत. शहाऐंशी सहाशे अधिक सहा. ब्याण्णव सहाशे. काटा खरंच बोलेल, आपण फक्त थोडे जड असू.

सहा वाजता दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. बेकरीवाला आला होता, शिंपी खडू घेऊन आला होता, रस्त्यावरचे दहाबारा लोक उगाच आले होते. बायको आधी काट्यावर उभी राहिली. एकाहत्तर किलो नऊशे!

"वाढलं!" बेकरीवाला ओरडला. "सातशे ग्रॅम वाढलं!"

"शिट्टीने वाढतं वाटतं," कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

काटेवाल्यांच्या डोक्यात मात्र वेगळंच गणित सुरू झालं. आपल्या चेलीचं सातशे वाढलं. खिशांतल्या वजनांसकट आपलं फक्त दोनशे वाढलेलं दिसणार. म्हणजे बायकोच्या चेल्याचं कमी वाढलं, तरीही तीच जिंकणार! एवढं सगळं अंगावर लादून शेवटी हरायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"थांबा!" ते गरजले. "काटा आधी तपासून घेतो." त्यांनी पेटीतून एक किलोचं आणखी एक वजन काढलं, काट्यावर ठेवलं, मान डोलावली, उचललं आणि पुसायचं निमित्त करून खिशात सोडलं. आता सात किलो. छाती पुढे काढून ते काट्यावर चढले.

त्र्याण्णव किलो सहाशे.

"वाढलं!" त्यांनी दोन्ही हात वर केले. "माझं वजन बाराशे ग्रॅम वाढ..."

दोन्ही हात वर करायला नको होते. चालताना एका हाताने धरायची ती सवय नेमकी आता सुटली. विजार सात किलो पितळ घेऊन सरळ काट्यावर कोसळली. खण्ण! एक खिसा फाटला आणि दोन किलोचं वजन गडगडत खाली पडलं. काट्यावरचा आकडा एक्याण्णव सहाशे. दुसरं पडलं, ते शिंप्याच्या अंगठ्यावर. शिंपी कोकलला, आकडा एकोणनव्वद सहाशे. मग एकेक किलोची निघाली. अठ्ठ्याऐंशी सहाशे, सत्त्याऐंशी सहाशे. काटेवाले पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीत उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचाच काटा टीव्हीतल्या काट्यासारखा नाचत होता. बेकरीवाला तर तोंडाने नगारेही वाजवायला लागला.

शेवटचं वजन मागच्या खिशात अडकून बसलं होतं. बायको पुढे आली. तिने वाकून ते दोन बोटांनी काढलं आणि पेटीत ठेवलं.

"शहाऐंशी सहाशे," तिने वाचलं. "पाच किलो आठशे उतरलं."

"पण कसं?" काटेवाल्यांना राहवलं नाही. "मी रोज दोन क्रीम रोल खात होतो!"

"एकच," शिंपी अंगठा धरून म्हणाला. "एक मी खात होतो."

"अहो, रोज चाळीस बैठका कोणी मारल्या?" बायको म्हणाली. "मैदानाला आठ आठ फेऱ्या कोणी मारल्या? 'पुन्हा एकदा दाखवा ना' एवढंच मी म्हणत होते. 'बैठका मारा' म्हटलं असतं तर तुम्ही एक तरी मारली असती का?"

दुकानात हास्याचा स्फोट झाला. काटेवाल्यांचं तोंड लालबुंद झालं, नाकपुड्या फुगल्या, छाती श्वासाने भरली. "हसताय काय रे गाढ..."

बायकोने ओठावर बोट ठेवलं.

काटेवाले थांबले. तो सगळा राग त्यांनी मोठ्या गोळीसारखा गिळला. तो खाली गेल्याचं दहा जणांनी पाहिलं. "...घरी जा आता," ते हळूच म्हणाले. लोक इतके दचकले की खरंच निघून गेले.

दुकानात दोघंच उरली. विजार सुतळीने बांधून ते स्टुलावर बसले. बायकोने मुलीचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. तो वाजायला लागला. एकदा. दोनदा. चारदा. सातव्यांदा पलीकडून आवाज आला.

"हॅलो?"

"बाळा, मी बोलतोय," ते हळू आवाजात म्हणाले.

"कोण?"

"बाबा."

"कोण बाबा? हा बाबांचा आवाज नाहीये."

"मीच आहे गं. तेव्हा... त्या चेनवरून... चुकलं माझं."

फोनमधून असा आवाज फुटला की काटेवाल्यांनी तो वीतभर लांब धरला. "बाबा! काय झालंय तुम्हाला? कुठे आहात? दवाखान्यात आहात का? खरं सांगा!"

"दुकानात आहे. बरा आहे मी."

"बरे असता तर असे बोलला असता का? ओरडून दाखवा!"

काटेवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"नाही ओरडता यायचं," ते म्हणाले. "महिनाभर."

"महिनाभर! आणि मला कुणी काही कळवत नाही! तुमचं काय, आईचं काय, सगळे सारखेच! काही बोलू नका. एकही शब्द बोलू नका! मी उद्या पहिल्या गाडीने येतेय. मी येईपर्यंत जागचं हलायचं नाही! कळलं का?"

"बरं," काटेवाले म्हणाले.

"आणि वेळेवर जेवा!" एवढं बोलून तिने फोन आपटला.

रस्त्यापलीकडून शिंपी लंगडत दारात आला. "काटेवाले, आवाज माझ्या मशीनपर्यंत आला. कोण ओरडत होतं एवढं?"

"माझी मुलगी," काटेवाले म्हणाले. मग त्यांनी सुतळीची गाठ शिंप्याला दाखवली. "आता घरी जाऊन ही विजार पाठवतो. खिसे शिव, आणि कंबर आत घे."

"किती घेऊ?"

"बसेल तेवढी. पण सकाळच्या आत दे. तिला आणायला स्टेशनवर जायचंय."

"जागचं हलू नका म्हणाली ना ती?" बायको म्हणाली.

"ओरडू दे," काटेवाले म्हणाले.